अप्पांनी दूध सोडलं

माकणी, ९ जानेवारी २०२५

विरेश,

आशीर्वाद वगैरे धरून चाल. तू माझा फोन घेत नाहीस म्हणून कागदावर लिहितेय. पत्ता तुझ्याच खोक्यावरून उतरवून घेतला. हुबळीतला तो पत्ता घराचा की दुकानाचा ते कळत नाही, पण कुणीतरी तुला देईल.

सांगायचं एवढंच की तुझ्या कंपनीच्या गोळ्या-पावडरींची खोकी पाठवू नकोस. दिवाळीला एक आलं, संक्रांतीचं परवा आलं. त्यांचं इथं काय होतं ते एकदा सांगून टाकते, म्हणजे तुझा गैरसमज राहायला नको. ताकदीची पावडर अव्वानं म्हशीच्या आंबोणात घातली. दूध काही वाढलं नाही. उलट म्हशीला अशी चटक लागली की आता नुसता कडबा टाकला तर हुंगून तोंड फिरवते. केसांच्या गोळ्या शेजारच्या कडूबाई सुनेसाठी घेऊन गेल्या, सुनेचे केस होते तेवढेच आहेत. गुडघ्याच्या गोळ्या मात्र अव्वा स्वतः खाते आणि लई बरं वाटतं म्हणते. मागच्या आठवड्यात मी डबी उलटी करून वाचली, तर ती डोळ्यांच्या गोळ्या खात होती. पण गुडघ्याला बरं वाटत होतं हे खरं.

आठवीला मी संतुलित आहाराचा धडा शिकवते, हे तुला ठाऊक आहे. भाकरी, डाळ, पालेभाजी, शेंगदाणे, दूध. एवढं रोज पोटात गेलं तर डबीतल्या जीवनसत्त्वांचं काही अडत नाही, असं मी पोरांना सांगते आणि मला ते पटतंही. अंगात जे कमी नाही ते वरून ओतलं तर बरंचसं लघवीवाटे निघून जातं. तुझी कंपनी लोकांना पिवळी लघवी विकते, असं मी शाळेत शिक्षकांच्या खोलीत म्हणते. सगळे हसतात. तुझ्याबद्दल बोलतेय हे त्यांना माहीत नसतं.

अप्पा तुझं नाव घेत नाहीत. मठातल्या तुझ्या त्या विक्रीच्या सभेला आता तीन वर्षं होतील. तू माईक हातात धरून सगळ्या गावाला सांगितलंस, "माझ्या वडिलांची, महांतप्पांची, साखर या पावडरीनं गेली," आणि पहिल्या रांगेतून अप्पा उठून म्हणाले, "मला साखर कधी नव्हतीच." मठ हसला आणि तू त्याच संध्याकाळी बॅग घेऊन निघालास. यात कुणाचं किती चुकलं ते मी आता मोजत बसत नाही, मला शाळेचे पेपर तपासायचे असतात.

अप्पांची तब्येत ठीक आहे. ठीक म्हणजे वाळलेत. श्रावणात त्यांनी दूध सोडलं. दूध, दही, ताक, लोणी, तूप, सगळं एकदम. का म्हणून विचारलं तर "सोडलं" एवढंच म्हणतात. जेवणावर तांब्याभर ताक पिणारा माणूस, आता डाळीच्या पाण्यात भाकरी कुस्करून खातो आणि उठतो. चहाही कोरा. चालताना भिंतीला हात लावून चालतात. पेला धरला की सुटतो. वय झालं, असं अव्वा म्हणते. पण अडुसष्ट हे काय वय झालं. मला भीती वाटते, विरेश. म्हणून पत्र लिहिलं असं मात्र समजू नकोस, लिहिलं ते खोक्यांसाठी.

अक्का


माकणी, २ फेब्रुवारी २०२५

विरेश,

माझं पत्र पोहोचलं हे कळलं, कारण त्याला उत्तर म्हणून आणखी एक खोकं आलं. आत तुझी चिठ्ठी. "अप्पांना तांबड्या झाकणाची डबी द्या, रोज एक गोळी." नमस्कार नाही, खुशाली नाही. औषधाच्या दुकानातला माणूससुद्धा याहून दोन शब्द जास्त बोलतो.

डबीवरचं बारीक अक्षर मी चष्मा लावून वाचलं. आवळ्यापासून जस्तापर्यंत जगात जे जे आहे ते सगळं तिच्यात घातलंय. अप्पांच्या पुढं ठेवली. कुणी पाठवली हे त्यांनी विचारलं नाही. उचलून फिरवून बघितली आणि देवळीत ठेवून दिली. नको म्हणाले नाहीत. घेतली पण नाही.

मंगळवारी ते मठाच्या पायऱ्यांवर पडले. हाड मोडलं नाही, गुडघा खरचटला. मी धावत गेले तर धुळीत बसून पायरीकडं बघत होते. म्हणाले, "पायरी हितंच हाय, पन पायाला कळलीच न्हाय." हे ऐकून मी शाळेला सुट्टी टाकली आणि दुसऱ्या दिवशी त्यांना लोहाऱ्याच्या दवाखान्यात नेलं.

तिथं डॉ. शुभांगी म्हणून नवीन बाई आल्यात. वयानं माझ्याहून लहान, पण घाई करत नाहीत. त्यांनी लोखंडाचा एक दोन दातांचा चिमटा टेबलावर आपटला आणि अप्पांच्या पायाच्या अंगठ्यावर टेकवला. "आजोबा, थरथर कळतीय का?"

"गार लागतंय," अप्पा म्हणाले.

मग डोळे मिटायला सांगून त्या कापसाचा बोळा अंगावर ठिकठिकाणी टेकवत गेल्या. पायाला कळला नाही. उजव्या हाताला जरा कळला. शेवटी डाव्या तळहातावर बोळा ठेवून त्या थांबल्या. अप्पा डोळे मिटून बसलेले. बराच वेळ झाल्यावर म्हणाले, "बाई, सुरू केलं का?"

मी खिडकीबाहेर बघत राहिले.

"हे कधीपासून आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"श्रावणापासनं. त्या दिवशी हातातनं सुटलं, तरी म्हाईत झालं न्हाय."

"काय सुटलं? भांडं?"

अप्पांनी हात उपरण्याखाली घेतला. डॉक्टरांनी भांडंच लिहून घेतलं असेल. मला मात्र उमगलं, आणि तुलाही वाचताना उमगलं असेल. सकाळी आंघोळ करायची, पाण्याचा घोटही न घेता पाटावर बसायचं, गळ्यातलं इष्टलिंग सोडवून डाव्या तळहातावर घ्यायचं आणि पूजा झाल्यावरच चूल बघायची, हे अप्पांनी जन्मभर एक दिवस चुकवलं नाही. ते लिंग जमिनीवर पडलं. हाताला पत्ता नव्हता. पडल्याचा आवाज झाला तेव्हा त्यांनी बघितलं असेल. आपल्या लिंगायतांत लिंग पडणं म्हणजे काय ते तुला सांगायला नको. जिवापेक्षा मोठी गोष्ट पडली. त्यांनी घरात कुणाला सांगितलं नाही, मठात सांगितलं नाही. स्वतःच शिक्षा ठरवली, सगळ्यात आवडीची गोष्ट सोडायची. दूध सोडलं.

डॉक्टरांनी मग खाणंपिणं विचारलं. मांस, अंडी? अप्पांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मीच लाजले. बरं, दूधदही तरी? मी सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं. मग म्हणाल्या की बी बारा नावाचं जीवनसत्त्व मांसात, अंड्यात असतं, शाकाहारी माणसाला ते मिळालंच तर दूधदह्यातून मिळतं. उतारवयात पोट तेही नीट ओढून घेत नाही. त्याच्याविना नसा सुकत जातात. रक्त तपासायला दिलंय, पण त्यांना तरी तेच वाटतंय.

म्हणजे बघ. आधीच बी बारा कमी पडलं, म्हणून हात बधिर झाला. हात बधिर झाला म्हणून लिंग पडलं. लिंग पडलं म्हणून अप्पांनी दूध सोडलं, आणि जो काही थोडाफार आधार होता तो दुधाचाच होता. आहाराचा धडा शिकवणारी मी रोज त्यांच्या ताटासमोर बसत होते.

तांबड्या झाकणाच्या डबीत बी बारा आहे, मी परत वाचलं. तू ते माहीत असून लिहिलंस की असंच, ते मला विचारायचं नाही.

अक्का


लोहारा, १४ फेब्रुवारी २०२५

विरेश,

शाळेतूनच लिहितेय, मधला तास मोकळा आहे. घरी लिहिलं तर अव्वा शेजारी येऊन बसते आणि "काय लिव्हलंस" म्हणून विचारते.

रक्ताचा कागद आला. बी बारा इतकं कमी की यंत्रानं आकडाच दिला नाही, अमुक इतक्याच्या खाली एवढंच छापलंय. डॉक्टर म्हणाल्या, गोळ्यांनी आता भागणार नाही, आधी एक दिवसाआड इंजेक्शन, मग आठवड्याला, मग महिन्याला. मी तुझी डबी पर्समधून नेली होती, ती दाखवली. त्यांनी वाचून बाजूला ठेवली. यातली एक गोष्ट यांच्या कामाची आहे, ती यांना आधीच सुरू करायला हवी होती. बाकीच्यांची यांना गरज नाही, असं म्हणाल्या. हे वाक्य मी तुला जसंच्या तसं कळवतेय. खूश होऊ नकोस.

सुई भरून झाली होती. अप्पांनी विचारलं, "हे कशापासनं करतात?" त्यांना वाटलं मांसातलं काही असेल. डॉक्टर चांगल्या आहेत, समजावायला गेल्या. "प्राण्यापासून नाही आजोबा, घाबरू नका. बारीक जिवाणू वाढवून करतात. आपण दही विरजतो ना, तसंच बघा."

अप्पा उठून उभे राहिले. "मग नको. दही म्या सोडलंय."

पायात चप्पल घातली, म्हणजे घालायचा प्रयत्न केला. चप्पल पायात गेली की नाही हे त्यांना वाकून बघावं लागतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की जितका उशीर तितकं कमी परत येईल, आणि आणखी थांबलं तर पाय पण जातील. मी घरी येऊन भांडले. अव्वा रडली. कशाचा उपयोग झाला नाही.

मग मी शांतलिंग स्वामींकडं गेले. मठात जाऊन स्वामींना विनवण्या करणारी मी नव्हे, हे तुला माहीत आहे, पण गेले. स्वामी स्वतः घरी आले. म्हणाले, महांतप्पा, औषध म्हणजे अन्न नव्हे, आणि व्रत मी सोडवतो, शिवाला शरण गेलेल्या माणसाचं शरीर पण पूजेचंच असतं. अप्पांनी पाया पडून घेतलं आणि म्हणाले, "तुमी सोडवून कसं चालंल स्वामी. चूक तुमच्यापाशी झाली न्हाय."

स्वामी गेल्यावर मी विचारलं, मग कुणापाशी झाली? त्यांनी सांगितलं. त्यांच्याच शब्दांत लिहिते.

"सभेत म्या खरं बोललो. त्याचं काय न्हाय. पन लोक हसले तवा म्या बी हसलो. गुरूच्या जागेत, पोराकडं बघून. मग लिंग धरणारा हात चांगला कसा राहील?"

तू मला हेच सांगितलं होतंस. त्या संध्याकाळी स्टँडवर मी तुला परत फिरवायला आले होते आणि तू म्हणालास, "अक्का, लोक हसले ते चाललं, अप्पा बी हसले." मी तेव्हा म्हटलं होतं, तुझा भास असेल, अप्पा तसे नाहीत.

लिंग पडलं ते नस सुकल्यानं पडलं, हसण्यानं नाही. हे मी अप्पांना फळ्यावर काढून दाखवू शकते. पण त्यांचं ठरलंय. माझं ऐकत नाहीत, डॉक्टरांचं नाही, स्वामींचं नाही. राहिलास तू. मी तुझी मनधरणी करणार नाही. अव्वाचा फोन दिवसभर चालू असतो, नंबर तोच आहे. माझा उचलायचा नसेल तर नको उचलूस, तिच्यावर कर. लवकर कर.

अक्का


माकणी, १८ फेब्रुवारी २०२५

विरेश,

काल तू फोन ठेवलास त्याच्या पुढचं सांगते.

त्याआधी तुझं बोलणं. अप्पांना फोन हातात धरवत नाही म्हणून अव्वानं तो बाजेवर ठेवून आवाज मोठा केला होता, त्यामुळं आम्ही सगळ्यांनी ऐकलं. जेवलात का, पाऊसपाणी कसं आहे, असं तू विचारत राहिलास. फेब्रुवारीत पाऊसपाणी कुठलं. मग अप्पा म्हणाले, "विरेश, त्या दिवशी म्या बी हसलो होतो." आणि तू म्हणालास, "व्हय का? मला दिसलंच न्हाय, अप्पा. माझं ध्यान लोकांकडं होतं."

"खरंच?"

"खरंच. आणि मी जे बोललो ते खोटं होतं. तुम्ही बरोबर बोललात. आता ती सुई घ्या."

तू अप्पांबद्दल माझ्या माहितीत दोनदा खोटं बोललास. स्टेजवरचं मला अजून गिळवत नाही. कालच्या खोट्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

तू ठेवल्यावर ते तसेच बसून राहिले. डाव्या हातानं फोन बंद करायचा प्रयत्न केला, जमलं नाही, उजव्यानं केला. मग अव्वाला म्हणाले, "रुद्रम्मा, दूध हाय का?" अव्वा आत गेली ती बराच वेळ आली नाही. नुसता भांड्यांचा आवाज. मी गेले नाही, तिला तिथं एकटीला रडू दिलं. अप्पांनी पेला दोन्ही हातांत धरून दूध प्यायलं आणि म्हणाले, "पातळ झालंय. म्हशीला काय घालतीस तू?" आम्ही दोघींनी एकमेकींकडं बघितलं नाही.

आज इंजेक्शन झालं. सुई टोचली तेव्हा "लागलं" म्हणाले. डॉक्टर म्हणाल्या, दंडाला लागलं हे चांगलं आहे.

अक्का


माकणी, ४ जून २०२५

विरेश,

दर रविवारी तुझा फोन येतो तेव्हा तू विचारतोस "अप्पा कसे आहेत" आणि ते समोरच बसलेले असतात म्हणून मी "बरे आहेत" म्हणते. खरं काय ते लिहिते.

पाय सुधारले. भिंतीचा हात सुटला, मठापर्यंत एकटे जातात. उजव्या हाताची जाण पुरती परत आली. अव्वानं सवयीनं चहा कोराच दिला तर आता ओरडतात. डाव्याची बोटं आली, तळहात आला नाही. डॉ. शुभांगी म्हणाल्या, वर्षभर वाट बघू, पण लई दिवस उपाशी राहिलेली नस सगळीच परत येईल असं नाही. अप्पांनी ऐकून घेतलं. मला वाटलं होतं ते खचतील. ते म्हणाले, "बरं."

डॉक्टरांनी माझंही रक्त तपासायला लावलं. माझंही बी बारा कमी निघालं, अव्वाचंही. मी रोज एक साधी गोळी घेते, मेडिकलमध्ये मिळते ती, बारीक पांढरी, तिच्यात आवळा नाही की जस्त नाही. तेव्हा डबीतलं सगळंच थोतांड, असं मी आता म्हणत नाही. तपासून घ्यावं, जे कमी असेल तेवढंच घ्यावं, एवढं म्हणते. आठवीच्या वर्गातही यंदा तसंच सांगणार आहे. तू तुझ्या सभेत हे सांगितलंस तर तुझा धंदा बसेल, ते तुझं तू बघ.

आता ज्यासाठी लिहायला घेतलं ते. श्रावणापासून अप्पा दार लावून, लिंग पाटावर ठेवून पूजा करायचे, आम्हाला कळू नये म्हणून. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी एक दिवस दार ढकलून आत गेले आणि समोर बसले. म्हटलं, हातावर घ्या. घेतलं. नजर लिंगावर असते तोवर तळहात सरळ राहतो. बेल उचलायला, पाणी घालायला मान वळवली की हात कलतो आणि त्यांना ते समजत नाही. म्हणून मी माझा हात त्यांच्या हाताखाली धरला. तेव्हापासून रोज धरते. पूजा संपेपर्यंत दोघंही बोलत नाही. पहिल्या दिवशी संपल्यावर त्यांनी लिंग गळ्यात बांधलं आणि अव्वाला हाक मारून भाकरी मागितली, भूक लागली म्हणून. एवढ्या महिन्यांत त्यांनी भूक लागली असं म्हटलं नव्हतं.

सोळा तारखेला शाळा सुरू होते. माझी लोहाऱ्याची गाडी सहाला निघते, सकाळची शाळा मिळालीय. अव्वाला खाली बसता येत नाही, बसली तर उठता येत नाही. काल मी अप्पांना विचारलं, आता कसं करायचं. म्हणाले, "पाटावर ठेवून करीन. झालं की वय."

मी म्हटलं, विरेशला लिहू?

ते उठले. अंगणात जाऊन आले, म्हशीला पाणी दाखवलं, परत येऊन माझ्याजवळ उभे राहिले. माझा हात हातात घेऊन उलटासुलटा करून बघितला.

"तुझा हात बारका हाय," म्हणाले. "त्याचा मोठा हाय."

पंधरा तारखेपर्यंत ये. पूजा सहाला असते, आंघोळ करून बसावं लागतं.

अक्का